सत्तावीस सालचे तिघे

१९२७ साली तीन मुलगे जन्मले. एक दक्षिण गोव्यात माजोर्ड्याला, चर्चमधल्या गायनवृंदाच्या मास्तरांच्या घरी. दुसरा उदयपूरजवळच्या खेड्यात, गाण्याबजावण्याचा वारसा असलेल्या घरात. तिसरा मुंबईत, खात्यापित्या कच्छी भाटिया कुटुंबात. पहिला अँथनी गोन्साल्विस, दुसरा रामनारायण, तिसरा वनराज भाटिया. तिघांचे सूर वेगळे, शिकण्याच्या पद्धती वेगळ्या, जातकुळी वेगळी. पण तिघांच्याही आयुष्यातली बरीच वर्षं मुंबईच्या सिनेमासाठी वाजवण्यात, लिहून देण्यात गेली, आणि तिघांनाही कधी ना कधी त्यातून बाहेर पडून स्वतःचं संगीत करायचं होतं. पुढे जे झालं त्यात एवढा फरक का पडला, हा या लेखाचा विषय आहे.

हरहुन्नरी वादकाबद्दल बोलताना आपण सहसा एका सुरात बोलतो. सकाळी भक्तिगीत, दुपारी लावणी, रात्री जाझ, वा काय माणूस! यात एक गृहीत दडलेलं असतं, की या माणसाला सगळंच सारखं आवडतं आणि तो आपखुशीने या अंगणातून त्या अंगणात जातो. मला हे पुष्कळदा उलटं दिसतं. ज्या एका गोष्टीत वादक सर्वांत तयार असतो, तिला गिऱ्हाईक नसतं. म्हणून तो बाकीच्या सात गोष्टी शिकतो. त्याच्या अष्टपैलूपणात प्रतिभा असते यात वाद नाही, पण त्या प्रतिभेला आकार देणारा हात बहुतेक वेळा बाजाराचा असतो.

गोन्साल्विस यांच्यापासून सुरुवात करू, कारण त्यांचं नाव प्रत्येकाला ठाऊक आहे आणि माणूस फारच थोड्यांना. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या शाळांमधून मुलांना संगीत शिकवलं जाई. आधी सोल्फेज, म्हणजे पाच रेघांवरचे स्वर बघून ते तोंडाने म्हणायचे. मग हातात व्हायोलिन. प्रार्थनेत वाजवणारे हवेत, सणाला वाजवणारे हवेत, एवढा साधा त्या शिक्षणाचा हेतू. पण त्यातून एक अशी जमात तयार झाली, जी समोर ठेवलेला कुठलाही कागद पहिल्या नजरेत वाजवू शकत होती. हे कौशल्य त्या काळच्या हिंदुस्थानात दुर्मीळ होतं. आपल्याकडे ज्ञान कानातून कानात जात असे, आणि कानाने शिकलेल्याला शिकलेलं विसरून झटपट दुसरं वाजवणं जड जातं. वाचणाऱ्याला ते जात नाही. त्याच्यासाठी मोझार्ट, फॉक्सट्रॉट आणि नौशादांची चाल हे तीन कागद असतात.

रोजगारासाठी हे लोक मुंबईला आले. धोबीतलाव, डाबूल, कावेल या भागांत गावागावाच्या 'कुडी' होत्या, तिथे ट्रंक टेकवायला जागा मिळे. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबीचा कृष्णवर्णीय अमेरिकन जाझ बँड ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला आणि गोव्याच्या वादकांना नवं दैवत मिळालं. हळदोण्याचा अन्तोनिओ झेवियर वाझ 'चिक चॉकलेट' झाला, लुई आर्मस्ट्राँगसारखा ट्रम्पेट वाजवू लागला. पुढे तो सी. रामचंद्रांचा सहायक. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, अमरावतीचे भगवान पालव आणि हळदोण्याचा चिक अशा तिघांनी मिळून 'अलबेला' (१९५१) वाजता-नाचता केला. त्यात चिक आपल्या बँडसकट पडद्यावरही दिसतो. कावस लॉर्ड या पारशी गृहस्थांनी बोंगो-कोंगासारखी लॅटिन तालवाद्यं सिनेमाच्या गाण्यात आणली तीही याच सुमाराला. आणि १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने हॉटेलांतल्या रात्री निस्तेज केल्यावर तर स्टुडिओ हाच मोठा आसरा उरला. हिंदी गाण्यात जाझ 'आला' असं आपण लिहितो तेव्हा त्यात एखाद्या संगीतकाराची दूरदृष्टी कल्पितो. दारूबंदी खात्याचाही त्यात वाटा आहे.

गोन्साल्विस १९४३ मध्ये, सोळाव्या वर्षी, मुंबईत आले आणि नौशादांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागले. स्टुडिओतलं काम कसं चाले हे एकदा नीट समजून घ्यायला हवं. संगीतकार पेटीवर चाल बांधे. सहायक ती सरगमीत उतरवून घेई. मग अरेंजर बसे: कुठे व्हायोलिनं शिरतील, कडव्याआधी कोण काय वाजवेल, गायिका श्वास घेते तिथे कुठला पीस भरेल, हे सगळं तो पाच रेघांवर लिहून काढी आणि प्रत्येकाचा पार्ट वेगळा करी. सेबास्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्यासाठी वर्षानुवर्षं हेच केलं. रेकॉर्डिंगच्या दिवशी तीस, चाळीस, कधी त्याहून जास्त माणसं एका दालनात. सगळं एकदम, एका दमात. तिसऱ्या रांगेतल्या व्हायोलिनवाल्याचं बोट घसरलं तर लताबाईंनीही पुन्हा पहिल्यापासून गायचं. पैसे शिफ्टवर, तेही अ, ब, क अशा श्रेणीप्रमाणे. तबकडीवर यातल्या बहुतेकांचं नाव नाही.

गोन्साल्विस वाजवत होते, लिहीत होते, शिकवतही होते. त्यांच्या शिष्यांत प्यारेलाल शर्मा होते. पुढे, १९७७ मध्ये, 'अमर अकबर अँथनी'त अंड्यातून बाहेर पडणाऱ्या अमिताभला गुरूचं नाव बहाल झालं ते याच प्यारेलालांमुळे. गुरुदक्षिणेचे प्रकार अनेक ऐकले आहेत; देशभराच्या वरातींत गुरूचं नाव नाचवणं हा प्रकार एकमेव असावा. गंमत अशी की तोपर्यंत खरे अँथनी गोन्साल्विस सिनेमा सोडून गेलेले होते.

त्यांना स्वतःचं काय करायचं होतं हे १९५८ मध्ये दिसलं. त्यांनी 'इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा' उभा केला आणि सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात शंभराहून अधिक वादकांना घेऊन आपल्या रचना सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे गायला होते. रचनांमध्ये सारंग रागातली कॉन्चेर्टो होती, तोडी थाटातली व्हायोलिन कॉन्चेर्टो होती.

इथे थोडं तांत्रिक बोलतो, कारण या निवडीतच त्या माणसाची जिद्द आहे. पाश्चात्य संगीताचा डोलारा एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांच्या संगतींवर उभा असतो. त्यात पहिली, घरची संगती म्हणजे सा-ग-प. सारंगात गंधारच वर्ज्य. म्हणजे उंबरठ्यावरच अडचण. पंचमावर उभी राहणारी दुसरी महत्त्वाची संगती घरी परतण्याची खूण असते. तिला शुद्ध रिषभ लागतो. तोडीत रिषभ कोमल. म्हणजे परतीची वाटही बंद. यमन किंवा बिलावलच्या अंगाने कुणीही बेतशीर मिश्रण करून टाळ्या घेतल्या असत्या. गोन्साल्विस यांनी नेमके ते सूर निवडले जिथे एक व्याकरण दुसऱ्याला आत येऊ देत नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या सोप्या चालींना सजवणाऱ्या माणसाने स्वतःसाठी अवघड गणित मांडून ठेवलं होतं.

ते पुढे चाललं नाही. १९६५ मध्ये प्रवासवृत्ती मिळून ते अमेरिकेतल्या सिरॅक्यूज विद्यापीठाकडे गेले, परत आले ते सिनेमात न शिरता माजोर्ड्याला राहिले. १८ जानेवारी २०१२ रोजी तिथेच गेले. मरणाआधी दोन वर्षं अशोक राणे यांनी त्यांच्यावर माहितीपट केला, म्हणून निदान त्यांचा चेहरा आणि आवाज आपल्यापाशी राहिला.

आता रामनारायण. ते लाहोर रेडिओवर सारंगी वाजवत, फाळणीनंतर दिल्लीत, आणि १९४९ मध्ये मुंबईत. सारंगीवाला म्हणजे गवयाच्या मागे बसणारा. त्यात कोठ्याशी जोडलेली बदनामी. सिनेमात त्यांना काम आणि पैसा दोन्ही मिळाले, ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांत त्यांची सारंगी आहे, 'मुघल-ए-आझम'मध्ये आहे, 'गंगा जमुना'मध्ये आहे. पण एकट्याने सारंगी वाजवायची हा ध्यास होताच. १९५४ मध्ये मुंबईत कावसजी जहांगीर सभागृहात त्यांनी पहिला प्रयत्न केला. श्रोते गाणं ऐकायला आलेले. त्यांनी सारंगीला मंचावरून उठवलं. दोन वर्षांनी, १९५६ मध्ये, त्याच मुंबईत त्यांनी पुन्हा वाजवलं आणि लोकांनी ऐकलं. पुढचा इतिहास ठाऊक आहे: युरोप, अमेरिका, २००५ मध्ये पद्मविभूषण, नोव्हेंबर २०२४ मध्ये शहाण्णव वर्षांचं समृद्ध आयुष्य संपवून निरोप.

एकाचा प्रयत्न १९५६ मध्ये तरला, दुसऱ्याचा १९५८ मध्ये बुडाला. शहर एकच, वय जवळपास एकच. प्रतिभेच्या मापाने हा फरक समजावता येईल असं मला वाटत नाही. रामनारायणांना लागायचं काय? एक सारंगी, एक तबलजी, एक तानपुरा. वाजवायचं काय? विलंबित, द्रुत, आलाप, जोड; शतकानुशतकं घडलेली, श्रोत्यांच्या कानात आधीपासून मुरलेली मांडणी. श्रोत्यांना फक्त एवढंच पटवायचं होतं की गळ्यातलं हे गाणं गजातूनही येतं. एका नकारानंतर दुसऱ्या प्रयत्नाचा खर्च परवडण्याजोगा होता. गोन्साल्विस यांना मात्र रचनाही करायची, शंभर जणांचे पार्टही लिहायचे, त्या शंभर जणांच्या बुडालेल्या शिफ्टचंही बघायचं, आणि सारंग ऐकणाऱ्याला सिंफनी, सिंफनी ऐकणाऱ्याला सारंग ऐकवायचा. आपटल्यावर दुसऱ्यांदा उभं राहायला पैसा कुठला?

या जोडीला एक मराठी उदाहरण सहज आठवतं. प्रभाकर जोग. सुधीर फडक्यांच्या गाण्यांत, गीतरामायणात वाजवणारे, हिंदी स्टुडिओतही वावरलेले. त्यांनी 'गाणारं व्हायोलिन' या नावाने आपली स्वतंत्र जागा केली. व्हायोलिनमधून शब्द ऐकू येतात, असं लोक म्हणत. ते खरं तर लोकांच्या डोक्यात आधीच पाठ असलेले शब्द होते. श्रोत्यांनी निम्मं काम घरून करून आणलेलं होतं. जोगांचं कसब कमी लेखण्याचा हेतू नाही. पण बाजूला बसणारा वादक मध्यभागी येतो तेव्हा त्याच्यासाठी आधीच अंथरलेली सतरंजी असावी लागते, हे इथेही दिसतं.

तिसरे वनराज भाटिया. यांचं सगळंच उफराटं. पहिले दोघे पोटासाठी शहरात आले. हे शहरातल्या सुखवस्तू घरातून बाहेर गेले. एल्फिन्स्टन कॉलेजातून इंग्रजीत एम.ए., मग लंडनची रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिक, तिथून पॅरिसला नादिया बूलान्जे यांच्याकडे. विसाव्या शतकातल्या निम्म्या अमेरिकन संगीतकारांनी ज्यांच्यापुढे बसून प्रतिस्वराचे धडे गिरवले, त्या या बाई. भाटिया १९५९ मध्ये भारतात परतले तेव्हा या देशात पाश्चात्य रचनाशास्त्र एवढं शिकलेला दुसरा माणूस शोधावा लागला असता. आणि त्या ज्ञानाला इथे काडीचं गिऱ्हाईक नव्हतं. गोन्साल्विस यांचा ऑर्केस्ट्रा वर्षभर आधीच त्याच शहरात वाजून गेला होता, हे लक्षात घ्या.

काही वर्षं त्यांनी दिल्ली विद्यापीठात शिकवलं. पोट भरलं जाहिरातींनी. साड्या, साबण, रंग. लिरिलचं ते बिनशब्दांचं लकेरदार गाणं ज्यांनी ऐकलंय त्यांनी बूलान्जेबाईंच्या शिष्याला ऐकलं आहे. अशा जाहिराती त्यांनी हजारोंच्या घरात केल्या. तीस सेकंदांत वस्तू, स्वभाव आणि लकेर तिन्ही बसवायचं हे काम हलकं समजलं जातं. मला ते फ्यूग लिहिण्याइतकंच कडक वाटतं. दोन्हीत एक स्वर फालतू चालत नाही.

जाहिरातींतच श्याम बेनेगल भेटले आणि 'अंकुर' (१९७४) पासून पुढची कामगिरी सुरू झाली. ती नजरेखालून घातली तर छाती दडपते. 'मंथन'मध्ये गुजराती लोकसंगीताचा बाज, आणि प्रीती सागर यांनी गायलेलं ते गीत पुढे अमूलच्या जाहिरातींतून घराघरात गेलं. हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका'वरून केलेला 'भूमिका', त्यात कथेतल्या प्रत्येक दशकाच्या सिनेमाचं गाणं त्या-त्या दशकाच्या धाटणीत हवं. कालचं गाणं आजच्या हाताने कालच्यासारखंच वाजवायचं. 'जुनून'मध्ये १८५७. 'त्रिकाल'मध्ये १९६१ चा गोवा, रेमो फर्नांडिस यांच्या सोबतीने. 'सरदारी बेगम'मध्ये ठुमरी. मधे 'जाने भी दो यारों', आणि '३६ चौरंगी लेन'. दूरदर्शनवर 'तमस', ज्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि 'भारत एक खोज'. ऋग्वेदातलं नासदीय सूक्त वृंदगायनात बांधून रविवारी सकाळी देशाला ऐकवणं हे धाडस होतं. एकामागून एक शिरणारे आवाज, खालून वर चढत जाणारी दाटी: ते सूक्त ऐकताना मंत्रपठण आणि पॅरिसचा अभ्यास यांतला सांधा सापडत नाही.

याच काळात त्यांचं दुसरं लेखनही चालू होतं. पियानोसाठी फँटेशिया आणि फ्यूग, 'किंगुरी-वाली', चेलोसाठी 'रेव्हरी'. यो-यो मा यांनी 'रेव्हरी' मुंबईत वाजवली ती जानेवारी २०१९ मध्ये. भाटिया तेव्हा एक्क्याण्णव वर्षांचे होते.

या तिघांची गोष्ट सांगणारा माणूस सहसा इथे हळहळून थांबतो: बिचाऱ्यांचं खरं संगीत राहून गेलं, हमालीत जन्म गेला. मला हे पूर्ण पटत नाही. भाटियांपुरतं तरी माझं मत उलट आहे. त्यांच्या पियानोरचना बुद्धिमान आहेत, पण 'तमस'च्या संगीतात जी भेदकता आहे ती मला तिथे मिळत नाही. समोर फाळणी होती, गोविंद निहलानींची चौकट होती, मुदत होती, आणि 'मी'पणाला जागा नव्हती. मागणी-पुरवठ्याच्या चरकातून काही वेळा असं निघतं जे स्वच्छंदातून निघत नाही. 'स्वतःचं' म्हणून केलेलं संगीत आपोआप श्रेष्ठ, ही समजूत आपण युरोपातल्या रोमँटिक काळाकडून उसनी घेतली. दर आठवड्याला चर्चसाठी कांटाटा पुरवणारा बाख तिला हसला असता, आणि रात्रभराच्या बैठकीत फर्माइशी पुरवणारा आपला लावणीचा ढोलकीवालाही.

म्हणून हळहळ करायची तर संगीत राहून गेल्याची करू नये. हिशोब राहून गेल्याची करावी. भाटियांच्या अखेरच्या वर्षांतली पैशाची ओढाताण वर्तमानपत्रांत आली होती. घराघरात वाजलेल्या लकेरींचा धनी औषधपाण्याला मोताद होतो तेव्हा त्यात दैवाचा दोष काढायचं कारण नाही. कायद्याने संगीतकार-गीतकारांचा स्वामित्वधनावरचा हक्क ठामपणे मान्य केला तो २०१२ च्या दुरुस्तीत. तोवर एकदा पैसे घेऊन चाल दिली की ती निर्मात्याची. पीस वाजवणारा तर त्या हिशोबात कधी धरलाच नव्हता. शिफ्ट संपली, पाकीट मिळालं, विषय संपला.

आणखी एक हिशोब आहे, तो शहराचा. सत्तरच्या दशकात कर्सी लॉर्ड यांच्यासारख्या चौकस वादकांनी सिंथेसायझर आणला. कर्सी हे कावस यांचे चिरंजीव; अ‍ॅकॉर्डियन, ग्लॉकनस्पील, तालवाद्यं सगळ्यांत हात. त्यांच्यासाठी ते यंत्र म्हणजे आणखी एक नवं वाद्य होतं, एका अष्टपैलू माणसाचं स्वाभाविक कुतूहल. पुढच्या वीस वर्षांत त्याच जातीच्या यंत्रांनी व्हायोलिनच्या रांगा हटवल्या. एक-एक ट्रॅक वेगळा भरता येऊ लागल्यावर चाळीस जणांनी एका दालनात बसायचं कारण उरलं नाही. रांग गेली की रांगेत बसायला शिकणारा मुलगाही जातो. २००६ मध्ये एनसीपीएने 'सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया' स्थापन केला, उत्तम काम केलं, पण त्याच्या खुर्च्या भरायला कझाकस्तानसारख्या ठिकाणांहून वादक आणावे लागले. ज्या शहरात १९५८ मध्ये शंभरावर माणसं कॉलेजच्या प्रांगणात बसून वाजवू शकत होती, त्या शहराची ही गोष्ट.

आज जाझ, लोकसंगीत, कव्वाली, लावणी यांची सरमिसळ पूर्वी कधी नव्हती एवढी होते. ती करणारा हात मात्र बहुधा लॅपटॉपवर असतो. त्याच्यापाशी सगळ्या वाद्यांचे तयार नमुने आहेत, त्यामुळे त्याला आठवं वाद्य शिकावं लागत नाही. त्याबद्दल कुरकुर करण्यात अर्थ नाही. गोन्साल्विस आज सोळा वर्षांचे असते तर त्यांनीही लॅपटॉप घेतला असता, आणि बहुधा तोडीच घेऊन बसले असते.

भाटियांनी उतारवयात गिरीश कर्नाडांच्या नाटकावरून 'अग्निवर्षा' हा ऑपेरा लिहिला. ऑपेरा म्हणजे संगीतातला सर्वांत महागडा प्रकार; जाहिरातींवर आयुष्य काढलेल्या माणसाने शेवटी तोच निवडावा हे कुठल्याच व्यवहारात बसत नाही. मुंबईत आता ऑर्केस्ट्रा आहे, सभागृह आहे, रॉयल ऑपेरा हाउसही डागडुजी होऊन उघडलं आहे. १९५६ मध्ये रामनारायणांना एका नकारानंतर जो दुसरा प्रयत्न मिळाला, तो गोन्साल्विस यांच्या सारंगाला आणि भाटियांच्या ऑपेराला द्यायला हरकत कुणाची? त्या रचना टिकण्याजोग्या नसतील तर तेही कळेल. पण वाजवल्यावर.